फॉर्मवरचं ‘नाही’

सानिका हसत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या हसण्यापायी पोरीने भलतंच सोसलं. बारावीच्या वर्गात फिजिक्सच्या मॅडमनी तिला दोनदा बाहेर उभं केलं. ‘मैं पढ़ा रही हूँ और ये दाँत दिखा रही है!’ आणि लखनौत, तेलीबागच्या घरी प्रतिमाने, तिच्या सख्ख्या आईने, एकदा थोबाडीत ठेवून दिली. विषय होता हस्ताक्षराचा. प्रतिमा चांगली फैलावर घेत होती आणि ही कार्टी वरचा ओठ ओढून हसतेय! थोबाडीत बसली तसं डोळ्यांतून पाणी आलं, पण ओठ काही खाली आला नाही. तेव्हा कुठे प्रतिमाच्या काळजात धस्स झालं.

तोवर सहा महिने गेले होते. अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होत जाई. चहाचा कप बशीवर वाजे. बोलणं जड झालं होतं, सकाळी उशीवर लाळेचा ओला डाग दिसे. सगळ्यांकडे उत्तरं तयार होती. रमाकांत, म्हणजे सानिकाचे बाबा, म्हणाले मोबाइल. शेजारीण म्हणाली नजर. हज़रतगंजच्या एका समुपदेशक बाईंनी बोर्डाच्या परीक्षेचा ताण असं निदान करून तीन महिने दर शनिवारी पोरीला डोळे मिटून श्वास मोजायला लावले. श्वास कसले मोजताय, इकडे मेंदू भरत चालला होता! पण हे तेव्हा कुणाला ठाऊक?

एक मात्र खरं. प्रतिमाने ठरवलं असतं तर तिला दहा वर्षं आधी ठाऊक होऊ शकलं असतं. ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

प्रतिमा आणि रमाकांत हसबनीस मूळचे सोलापूरचे. रमाकांत रेल्वेत इंजिनियर. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न झालं आणि दोघं आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आले. रमाकांत हा प्रतिमाचा सख्खा आतेभाऊ. सोलापुरात याचं कुणाला काही वाटत नाही, मामाची मुलगी हक्काची. प्रतिमा बारशाच्या पाळण्यात होती तेव्हाच आत्याने भावाला बजावलं होतं, “दादा, ही माझी सून हं, दुसरीकडे बघायचं नाही.” आणि पुढे तसंच झालं. लग्नात लोक पोटभर जेवले, आशीर्वाद देऊन घरी गेले.

लखनौचा पहिला हिवाळा. क्वार्टरच्या चबुतऱ्यावर बायका उन्हात मटार सोलत बसलेल्या, त्यांत नवी नवरी म्हणून प्रतिमाही. वरच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्या बाईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालंय, ही बातमी त्या दिवशी फुटली. “राम राम! मामा से?” एकीने कानांना हात लावले. “हमारे यहाँ तो गाँव का लड़का भी भाई होता है.” मग जी खसखस पिकली! पुढे महिनाभर ती तेलुगू बाई जिन्यातून उतरली की चबुतरा गप्प व्हायचा. प्रतिमाने त्या दिवशी मटारचे दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात.

घरी येऊन तिने रमाकांतला सांगितलं. तो म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? ऑफिसात कळलं तर तोंडावर हसतील माझ्या. कुणी विचारलंच तर सरळ नाही म्हणायचं.” झालं, ठरलं. त्या दिवसापासून लखनौत ते दोघं परके होते, छापील जाहिरात बघून लग्न ठरलेले. आत्या हिवाळ्यात दोन महिने राहायला यायची, तेव्हा तिलाही तंबी होती. आत्या फणकारली, “लखनौत मला आई म्हण म्हणे! जन्माची आत्या आहे मी तुझी, ती काय सोलापूरच्या स्टेशनवर ठेवून आले?” पण लेकापुढे तिचं काय चालणार. प्रतिमा चारचौघांत तिला ‘आई’ म्हणू लागली आणि दार लावलं की ‘आत्या’.

बघता बघता ‘नाही’ म्हणायची सवय हाडात मुरली.

समीर झाला, चार वर्षांनी सानिका झाली. समीर अकरा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. साधी कावीळ म्हणून उसाचा रस, मुळ्याचा पाला, सगळं झालं. पाचव्या दिवशी पोट फुगलं आणि पोरगा आईलाच ओळखेना. शहरातल्या एका खासगी इस्पितळात नेलं. तिथे व्हरांड्यात एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत उभा. शेजारच्या क्वार्टरमधल्या शुक्ला भाभी चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. कुणाच्याही दुखण्याखुपण्याला धावणारी बाई, त्या दिवशीही सकाळपासून प्रतिमाच्या पाठीवर हात ठेवून उभी. डॉक्टरने विचारलं, “माँ-बाप की शादी आपस की रिश्तेदारी में हुई है?”

रमाकांतने आधी भाभींकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! “नहीं नहीं,” तो म्हणाला, “हम लोगों में ऐसा नहीं होता.”

प्रतिमाने ऐकलं. ती एक पाऊल पुढेही झाली होती, हे ती आजही शपथेवर सांगेल. पण भाभींचा हात पाठीवर होता आणि सगळा व्हरांडा कान देऊन उभा होता. डॉक्टरने ‘नाही’च्या चौकटीत खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. समीर अकराव्या दिवशी गेला. कागदावर लिहिलं होतं, विषाणूमुळे लिव्हर निकामी. सानिका तेव्हा सात वर्षांची, चांगली धडधाकट, दोन वेण्या घालून शाळेत जाणारी. तिला कुणी तपासलं नाही. कशाला तपासतील? विषाणू काय भावाकडून बहिणीकडे रक्तातून येतो?

उलट प्रतिमाने काय केलं, तर कुणीतरी सांगितलं म्हणून लिव्हरसाठी चांगलं असतं ते सुरू केलं. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी, रोज सकाळी अनशापोटी, दहा वर्षं. सानिका नाक मुरडायची. “मम्मी, इसमें लोहे का टेस्ट आता है.” प्रतिमा म्हणायची, “तांब्याचं आहे बाळा, लोखंडाचं नाही. पी मुकाट्याने.”

असो. आता डॉक्टर मुक्ता घोरपडे. कोल्हापूरकडची बाई, इथल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मेंदूच्या आजारांची तज्ज्ञ. थोबाडीतल्या प्रकारानंतर पंधरा दिवसांनी प्रतिमा आणि रमाकांत सानिकाला घेऊन तिच्यासमोर बसले. तिने सानिकाला हात पसरायला लावले, ते पंखासारखे फडफडले. मग डोळ्यांवर बारीक प्रकाश टाकून बराच वेळ पाहिलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट कडं होतं. ‘कसे छान घारे होत चाललेत गं डोळे’ असं प्रतिमा त्या डोळ्यांना कौतुकाने म्हणत आली होती.

सानिकाला रक्त द्यायला पाठवून डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. “इथे लिहिलंय, आईवडिलांचं नात्यात लग्न नाही.”

“नाही, नात्यातलं नाही,” रमाकांत म्हणाला. अहो, समोर डॉक्टर मराठी, खोलीत चौथं माणूस नाही, एक लेकरू जाऊन दहा वर्षं झालेली, आणि तरी हा माणूस ‘नाही’ म्हणाला! कुणी गुडघ्यावर मारल्यावर पाय उडावा तसं ते त्याच्या तोंडून उडालं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून प्रतिमाला विचारलं, “ताई, सासूबाई आहेत?”

“गेल्या. तीन वर्षं झाली.”

“तुम्ही त्यांना काय म्हणायचात?”

“आत्या,” प्रतिमा म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि मग तिला कळलं. रमाकांत आपल्या बुटांकडे बघत बसला. डॉक्टरांनी फॉर्मवरची खूण खोडली, खाली दुसरी केली. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “ही एकुलती एक का?” आणि प्रतिमाने समीरचं सगळं सांगितलं. कावीळ, पोट, अकरा दिवस. सांगता सांगता तिला डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं, की या बाईला शेवट आधीच कळलाय.

“आपल्या खाण्यात रोज थोडं तांबं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “लागेल तेवढं शरीर घेतं, उरलेलं लिव्हर बाहेर टाकतं. या मुलांच्या लिव्हरला ते बाहेर टाकता येत नाही. जन्मल्यापासून साठत जातं. काही मुलांचं लिव्हरच एकाएकी बसतं. काहींचं तांबं तिथून रक्तात उतरतं आणि मेंदूत जातं. हात, जीभ, गिळणं, चेहरा. ती हसत नाहीये ताई, तिचे स्नायू ओढलेत. तुमच्या दोघांत या आजाराच्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आहे, बहुतेक एकाच आजी-आजोबांकडून आलेली. सोबत एक चांगली आहे म्हणून तुम्हाला काही होत नाही. मुलाला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या की हे होतं. चारांतल्या एकाला.”

“आम्हाला तर दोनच,” प्रतिमा म्हणाली. “दोघांनाही कसं?”

“चारांत एक म्हणजे रांगेने नाही हो. प्रत्येक खेपेला पहिल्यापासून.”

तांब्याच्या भांड्याचं प्रतिमाने सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. “ते आजपासून बंद करा. पण ते पाणी नसतं दिलंत तरी हे झालंच असतं. त्याचं मनाला लावून घेऊ नका.”

मग मनाला काय लावून घेऊ, ते प्रतिमाने विचारलं. तिला विचारायचंच होतं. “तेव्हा हो म्हटलं असतं तर?”

डॉक्टरांनी उत्तर टाळायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, अकरा वर्षांच्या मुलाचं लिव्हर असं बसलं तर त्यांनी तरीही तपासायला हवं होतं, तुमच्या उत्तरावर थांबायला नको होतं. प्रतिमा हलली नाही. मग त्या म्हणाल्या, “समीरचं सांगता येत नाही, फार उशीर झाला होता. पण हो म्हटलं असतं तर त्यांना बहुतेक शंका आली असती, आणि बहिणीची तपासणी झाली असती. सातव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या असत्या. अशी मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांची लग्नं होतात. गोळी तेवढी जन्मभर.”

“म्हणजे तिला काहीच झालं नसतं.”

“बहुतेक नसतं झालं.”

घरी येताना रिक्षात रमाकांत एवढंच म्हणाला, “सानिकाला यातलं काही कळता कामा नये.” त्याचा आवाज फुटला होता. प्रतिमाला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. गळा धरायचा तर कुणाचा? ती काय मुकी होती त्या व्हरांड्यात?

सानिकाने मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलं. मोबाइलवर सगळं वाचून काढलं होतं पोरीने. मराठी सगळं कळायचं तिला, पण बोलायची हिंदीतच. शब्द चघळत, एकेक ढकलत ती म्हणाली, “मम्मी, दादा को भी यही था ना?”

“हो बाळा. बहुतेक हेच.”

“तो तब मेरा टेस्ट क्यों नहीं हुआ?”

आता सांग, प्रतिमा स्वतःला म्हणाली. आणि मोठ्याने म्हणाली, “तेव्हा डॉक्टरांना समजलंच नाही गं.”

सानिकाने जरा विचार केला. “अच्छा. फिर तो किसी की गलती नहीं है.” आणि तिने आईच्या गालाला आपला थरथरता हात लावला. समजूत घातली आईची! प्रतिमा स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडली. पण परत येऊन सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली. मग परवा. परीक्षा होऊन जाऊ दे, जरा बरी होऊ दे. माणसाला ‘उद्या’ किती सापडतात ते बघावं.

पोरगी बरी झाली नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, साठलेलं तांबं औषधाने सुटायला लागतं तेव्हा काहींचं आधी बिघडतं, आणि बिघडलेलं सगळंच भरून येईल असं नाही. औषधं बदलली, मात्रा अगदी थेंबाथेंबाने वाढवली. तरी पाचव्या आठवड्यात उजवा हात कोपरातून मुडपला तो सुटेना. मान एका बाजूला ओढली गेली. घास घशात अडकायला लागला. आधी चालणं गेलं, मग बोलणं. काही दिवस ती डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर अक्षरं टिपायची, मग तेही बोट वळलं. डोकं मात्र लख्ख शाबूत. सगळं ऐकायची, सगळं कळायचं, नजरेने हो-नाही सांगायची. वर हो, खाली नाही. जून लागला तेव्हा तिला वॉर्डात दाखल केलं आणि नाकातून नळी घातली. आणि चेहऱ्यावर ते हसू, चोवीस तास.

वॉर्डात तिसऱ्या दिवशी दुपारी शुक्ला भाभी आल्या. जुन्या शेजारातून, आलमबागहून ऑटोने, डोक्यावर पदर, हातात डबा. आता सत्तरीच्या झाल्या होत्या. सानिकाला पाहून त्यांनी तोंडाला हात लावला आणि मग लगेच तो काढून तिच्या कपाळावर ठेवला. “मेरी गुड़िया,” एवढंच म्हणाल्या. रमाकांत खाली औषधं आणायला गेला होता. एवढ्यात एक नवीन डॉक्टर मुलगी फाइल घेऊन आली आणि वॉर्डाचा फॉर्म भरायला लागली. नाव, वय, वजन, पत्ता. मग न बघताच तिने विचारलं, “माता-पिता में शादी से पहले कोई रिश्ता?”

प्रतिमा उभी राहिली. तिने सानिकाकडे पाहिलं. भाभींकडे पाहिलं. शेजारच्या दोन खाटांवरची माणसं इकडेच बघत होती. बघू देत.

“है,” ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्याने. “इसके पापा मेरी सगी बुआ के बेटे हैं. दस साल पहले भी पूछा था, मेरे बेटे के टाइम. तब हमने झूठ बोला था. नहीं बोला था हमने. सच बोलते तो इसका टेस्ट तभी हो जाता.”

पंचवीस वर्षं धरून ठेवलेला धोंडा खाली टाकला. आता काय होईल ते होवो. डॉक्टर मुलीने फाइलची पानं चाळली. “जीन की रिपोर्ट तो लगी हुई है, आंटी,” ती म्हणाली. “इसकी अब ज़रूरत नहीं.” तिने ती चौकट तशीच सोडली आणि पुढच्या खाटेकडे गेली. बैल गेला आणि झोपा केला. प्रतिमा स्टुलावर बसली.

मग ती भाभींकडे वळली. त्या कानांना हात लावतील, राम राम म्हणतील, उठून जातील, याची ती वाट बघत होती. तिला ते हवंच होतं. कुणीतरी थुंकावं तोंडावर.

भाभींनी डबा मांडीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. “वो तो हमें पता था, प्रतिमा.”

“काय?” ती मराठीतच बोलून गेली.

“आपकी सास ने बताया था. पहली ही सर्दी में. स्वेटर बुनते-बुनते कहने लगीं, बहू नहीं, भतीजी है मेरी, गोद में खिलाई है. पूरे चबूतरे को पता था. दो दिन बातें हुईं, फिर कौन याद रखता है.”

आत्या! जिला स्टेशनवर ठेवून यायला सांगितलं होतं ती आत्या, चबुतऱ्यावर बसून, पहिल्याच वर्षी. म्हणजे पंचवीस वर्षं ते दोघं कुणापासून लपवत होते?

“पर भाभी,” ती म्हणाली, “समीर के टाइम आप वहीं खड़ी थीं. इन्होंने डॉक्टर को ना कहा, आपने सुना था.”

“सुना था.”

“फिर बोलीं क्यों नहीं?”

म्हातारीने मान खाली घातली. “हमने सोचा, आप लोग छुपाना चाहते हैं. इज़्ज़त की बात है. हम बीच में बोलकर चार लोगों के सामने आपको झूठा कैसे कर देते? लिहाज़ किया हमने. हमें क्या मालूम था कि डॉक्टर इसलिए पूछ रहा है.” आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

प्रतिमाला तिला शिव्या द्यायच्या होत्या. वॉर्डभर ऐकू जातील अशा. पण त्या बाईने केलं काय? तिने यांचं खोटं जपलं. यांनी तिच्या भीतीने खोटं बोलावं आणि तिने यांच्या अब्रूसाठी गप्प बसावं! एक शब्द, फक्त एक, त्या व्हरांड्यात तिघांनाही ठाऊक असलेला, आणि तिघांनीही तो गिळला.

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. सानिका जागी होती. ती मघापासून जागी होती, आणि डोळे सरळ प्रतिमावर होते. हसू तसंच. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात जात होतं.

“सानू,” प्रतिमा म्हणाली. “सानू, मी सांगणार होते गं. देवाशप्पथ सांगणार होते.”

सानिकाने नजर वर नेली नाही, खालीही नेली नाही. ती मान भिंतीकडे वळवायला लागली. ओढलेली मान उलट्या बाजूला जाईना, गळ्याच्या शिरा ताठल्या, घशातून आवाज आला. ती थांबली आणि पुन्हा जोर लावू लागली. प्रतिमा उठली. रोज दर दोन तासांनी कूस बदलताना घालायची तसा तिने एक हात मानेखाली घातला, दुसरा खांद्याखाली, नळी ओढली जाणार नाही असं बघितलं, आणि लेकीचं तोंड हळूच आपल्यापासून भिंतीकडे वळवून दिलं.